पाठ पुढे, धार मागे

१२ जानेवारी, सोमवार

पट्टा आजपासून माझ्याकडे आला. त्याचे असे झाले.

काल लेक आणि जावई जेवायला आले होते. हे दाढी करून बाहेर आले ते हनुवटीखाली कागदाचे कपटे चिकटवून, आणि जेवायला बसेपर्यंत त्यातला एक लाल होऊन कॉलरवर उतरला. लेकीने घास खाली ठेवला आणि बापाची बिनपाण्याने केली. "बाबा, उघडा वस्तरा आता कोण वापरतं? खाटीकसुद्धा हातमोजे घालतो!" येताना तिने दाढीचे विजेवरचे यंत्र आणले होते. ते खोक्यासकट कपाटावर ठेवून म्हणाली, "पुढच्या एक तारखेला येईन. तेव्हा एक जरी ओरखडा दिसला, तर वस्तरा माझ्या पर्समधून जाणार." जावई ताटाकडे बघत होता. तो गरीब आहे.

ह्यांनी एवढेच म्हटले, "दोष पट्ट्याचा आहे."

पट्टा म्हणजे वस्तऱ्याचा. दगडावर वस्तऱ्याला धार लावतात ती कधीतरी. रोज दाढीआधी ती धार सरळ करायची असते, ती चामड्याच्या पट्ट्यावर. ह्यांचा पट्टा सासऱ्यांचा. हातभर लांब, चार बोटे रुंद, एका अंगाला चामडे आणि दुसऱ्या अंगाला जाड कापड. न्हाणीघराच्या दाराला कडीत अडकवलेला असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले होते, हा सुनांना धाक दाखवायला ठेवला आहे.

आज सकाळी मी तो उजेडात नेऊन पाहिला. खरेच, कडेला चिरा पडल्या आहेत. एक तर चांगली नखात अडकते. चामडे जुने झाले की फाटायचेच. मात्र आपोआप इतके सरळ कसे फाटते कोण जाणे.

"द्या इकडे," मी म्हटले. "आजपासून पट्टा मी बघते. तुमच्याच्याने धीर धरवत नाही."

मला वाटले होते, नाही म्हणतील. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्याच्यावरची धूळसुद्धा झटकू दिली नव्हती. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला, आणि पेपर वाचत बसले. पेपर मांडीवर पसरून वाचतात हल्ली. हातात धरून वाचायची पद्धतच गेली.

१३ जानेवारी, मंगळवार

पहिला धडा. वस्तरा नव्हे, लोणी लावायची सुरी.

पट्ट्याचे एक टोक खिडकीच्या गजाला अडकवले, दुसरे मी डाव्या हाताने ताणून धरले. हे दोन्ही हात पँटच्या खिशात घालून शेजारी उभे. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच.

"वस्तऱ्याची जाड कड ती पाठ," हे म्हणाले. "पातळ ती धार. पट्ट्यावर नेहमी पाठ पुढे, धार मागे. धार पुढे गेली की चामडं कापलंच."

"आणि टोकाला पोचल्यावर?"

"तिथे कूस बदलायची. पाठीवर लोळवायचं. झोपेत माणूस कसा वळतो, पाठीवरून."

"तुम्ही पोटावरून वळता. घोरत."

"माझं सोड. पट्टा ढिला सोडू नकोस. झोळ पडला की धार गोल होते."

मग मी दाब किती द्यायचा विचारले. त्यांनी जरा विचार केला. ह्यांनी जन्मभर नकाशांच्या कचेरीत रेघा ओढल्या. ह्यांनी नुसत्या हाताने ओढलेली रेघ साहेब पट्टी लावून तपासायचे, आणि पट्टी परत ठेवून द्यायचे. "नकाशावरची खोडरबराची धूळ झटकतो ना," हे म्हणाले, "तेवढा. रेघेला लागतो तेवढासुद्धा नको."

"दाखवा ना करून."

"शिकवणाऱ्याने दाखवलं की शिकणारा नक्कल करतो. तू कर."

आमच्या शाळेतल्या शिवणाच्या सिस्टर ह्याच्या उलट. त्या आमच्या मागे उभ्या राहून आमच्याच हातांनी टाके घालायच्या. त्यांच्या बाह्यांना कांजीचा आणि मेणबत्तीचा वास यायचा. मला अजून कुठे कांजी केलेले कापड दिसले की पाठ आपोआप ताठ होते.

दुपारी चिरा बऱ्या केल्या. बारीक पॉलिशपेपरने कड घासली, उचललेले चामडे बसले, मग तळव्याने पट्टा चोळून गरम केला. ह्यांना चहा दिला. अर्धाच कप देते हल्ली आणि मागाहून अर्धा. गरम असतानाच संपतो.

१५ जानेवारी, गुरुवार

आज खरा वस्तरा. उघडताना मी मनातल्या मनात शाळेतली प्रार्थना म्हटली, ती जेवणापूर्वीची निघाली. घाईत तीच आठवली.

आधी कापडाच्या अंगावर, मग चामड्यावर. पाठ पुढे, धार मागे. चपक, चपक. सासऱ्यांचा हा आवाज मी सून म्हणून ऐकला, नंतर ह्यांचा ऐकला, आज माझाच ऐकला. ह्यांच्या आवाजापेक्षा माझा हळू आहे. हे अंथरुणातच होते, डोळे मिटून. मला वाटले, झोपलेत, पण मी थांबले तशी आतून हाक आली, "झालं?"

वस्तरा घेऊन हे न्हाणीघरात गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. कपटा एक. मोठा.

पट्ट्याला अजून चीर राहिली असणार. दुपारी पुन्हा घासला.

१९ जानेवारी, सोमवार

यश आले. लिहून ठेवते, कारण कौतुक करणारे घरात दुसरे कोणी नाही.

शनिवारपासून एकही ओरखडा नाही. काल नाही, आज नाही. गाल असे की हात घसरावा. हनुवटीखालची ती अडचणीची जागासुद्धा साफ. आणि हे सगळे पट्ट्याच्या एका दुरुस्तीने! लेकीने यंत्रावर उगाच खर्च केला.

ह्यांचा दिनक्रमही सुधारला आहे. पूर्वी पेपरवाला पेपर दारात टाकायचा. तो आता बंद केला आहे आणि हे स्वतः कोपऱ्यावर जाऊन आणतात. मी पट्टा ओढते, ते आडवे पडून ऐकतात, मग उठून पेपर आणायला जातात, बऱ्याच वेळाने येतात, मग वस्तरा घेऊन न्हाणीघरात शिरतात आणि हां हां म्हणता गुळगुळीत होऊन बाहेर. दाढीआधी फिरून आल्याचा फायदा होतो म्हणे. गार हवेने कातडी घट्ट होते.

येताना गळ्याला मफलर असतो, नाकापर्यंत. कातडी घट्टच राहावी म्हणून.

आज गालाला लिंबाचा वास येत होता. विचारले तर म्हणाले, "साबण." साबण मीच आणते, त्याला वास नाही. पण काही वास उशिरा उतरतात. साबणाचा ब्रशही कोरडाच होता. हिवाळ्यात सगळे पटकन वाळते.

२२ जानेवारी, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण केले.

चामडे कोरडे पडू नये म्हणून त्याला कधीमधी तेल लावायचे असते. "थेंबभर," हे म्हणाले होते. "तळहातावर घ्यायचं, तळहात पुसून टाकायचा, आणि पुसलेला तळहात पट्ट्यावर फिरवायचा." माझ्या मनात आले, चाळीस वर्षांच्या तहानेला पुसलेला तळहात कसा पुरेल? शिवणयंत्राची तेलाची झारी काढली आणि लावले. छान दिसत होते. पट्ट्याने एवढे तेल पिऊन टाकलेले पाहून मला बरे वाटले, म्हणून आणखी लावले. रात्रभर ठेवले.

सकाळी पट्टा तळलेल्यासारखा झाला होता. ताणला तर मधोमध पोट आले. वस्तरा त्याच्यावरून घसरत नव्हता, पोहत होता. तरी ओढला. मग धार तपासायला माझ्या डोक्यातला एक केस उपटून पात्यावर धरला. चांगल्या धारेवर केस टेकताक्षणी तुटतो. हा वाकला. फुंकर मारली तरी तुटेना. केसाने गळा कापतात असे म्हणतात. ह्या वस्तऱ्याने केस कापता येत नव्हता.

हे पेपर आणायला गेले होते. आल्यावर खरे सांगणार होते, पण धीर झाला नाही. वस्तरा तसाच दिला आणि न्हाणीघराच्या दाराशी फडके घेऊन उभी राहिले, रक्त पुसायला.

गुळगुळीत बाहेर आले! एक ओरखडा नाही!

"कसा होता वस्तरा?" मी विचारले.

"उत्कृष्ट," हे म्हणाले. "आजच्यासारखी धार बऱ्याच दिवसांत नव्हती."

कसबी माणसाला अवजार कसेही चालते, हेच खरे. मला मात्र फार वाईट वाटले. असे बोथट पाते हातात देऊनही त्यांनी माझे मन राखले.

२३ जानेवारी, शुक्रवार

पट्ट्यातले तेल कसे काढायचे हे ह्यांना विचारायची सोय नव्हती, म्हणून कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे गेले. पट्टा पिशवीत घातला होता. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. मला पाहून त्यातल्या एकाने तोंडावरचा फेस लपवला.

न्हावी गोरामोरा झाला. "काय झालं, बाई? साहेब बरे आहेत ना?"

"त्यांना काय धाड भरली आहे? मला पट्ट्याचं विचारायचंय."

त्याला हायसे वाटलेले दिसले. पट्टा हातात घेऊन त्याने वास घेतला. "हे काय केलंत? ह्यात पुऱ्या निघतील."

"उपाय सांगा."

"उपाय मला कुठला ठाऊक! आमचा पट्टा तो बघा, वडिलांच्या फोटोखाली टांगलाय. आम्ही आता अर्धं पातं लावतो आणि फेकून देतो. वस्तरा नावाला." मग त्याला काहीतरी बोलावेसे वाटले असावे. "पण तुम्ही एवढ्या मायेनं करता, चांगलंच आहे. साहेबांची वाढ फार अवघड. उजव्या जबड्याखाली केस उलटे फिरलेत, भोवरा आहे तिथे. मी तर—" आणि तो एकदम गिऱ्हाइकाकडे वळला.

न्हाव्यांची नजर काय असते पाहा. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या जबड्याखालचा भोवराही त्यांना दिसतो, आणि तोही मफलरमधून.

२६ जानेवारी, सोमवार

उपाय मलाच सापडला. शाळेत निळ्या झग्यावर तेल सांडले की सिस्टर खडूची पूड पसरायच्या, वर टीपकागद आणि त्यावर जाडजूड शब्दकोश. "लोभ पाण्याने जात नाही," त्या म्हणायच्या, "त्याला कोरड्याने शोषावं लागतं." लोभ म्हणजे तेल की आम्ही, ते कधी कळले नाही.

शब्दकोश नव्हता. ह्यांची नकाशांची जुनी बाडे ठेवली. ह्यांच्या हाताखाली गेलेल्या सगळ्या नद्या आणि हद्दी तीन दिवस पट्ट्यावर बसून होत्या. रोज पूड बदलली. आज पट्टा मऊ आहे, पण ताणला तर ताठ राहतो. केस टेकताच तुटला. मी एवढी खूश झाले की आणखी पाच-सहा उपटले.

पट्टा न्हाणीघरातून हलवून खोलीत खिडकीशी टांगला आहे. वाफेने चामडे सैल होते. तिथे टांगल्यावर दिसले, माझ्या हाताचे तेल आणि ह्यांच्या हाताचे तेल असे वेगवेगळे डाग त्याच्यावर पडले आहेत. ह्यांचे काळे, माझे तपकिरी. सासऱ्यांचे कुठे असतील ते ओळखू येत नाही.

कपडे इस्त्री केले. ह्यांच्या सदऱ्यांच्या गुंड्या लावूनच ठेवते, वरच्या दोन सोडून. डोक्यातून घालता येतात. घडी मोडत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

लेक आली. दारातच बापाला उजेडाकडे वळवले, चष्मा बदलला, आणि भाव करताना वांगी बघतात तसे दोन्ही बाजूंनी बघितले.

"कमाल आहे," ती म्हणाली.

"पट्टा," हे म्हणाले, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. इतक्या वर्षांत माझ्या कोणत्याही गोष्टीला ह्यांनी चारचौघांत अशी मान हलवली नव्हती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

लेक मागून आली. "आई, खरंच वस्तराच वापरतात?"

"मग? मी रोज ओढून देते. तुला काय वाटलं, दाढी गळून पडली?"

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. राहू दे वस्तरा," आणि कपाटावरचे खोके मात्र तिथेच ठेवून गेली. जावयाने जाताना ह्यांच्या गालाचा वास घेतल्यासारखे केले आणि "लिंबू," असे स्वतःशीच म्हणाला. त्याचे नाक तीक्ष्ण आहे. त्या घरात त्याला दुसरे काही चालवायची मुभा नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

विशेष काही नाही. न्हाव्याचे दुकान बंद आहे. घरचे लग्न आहे, पंधरवडाभर उघडणार नाही, अशी पाटी लावली आहे. ह्यांनीच सांगितले. एवढे उदास होऊन सांगितले की मला वाटले, ह्यांना निमंत्रण नव्हते म्हणून.

ह्यांनी आज दाढी केली नाही. कंटाळा आला म्हणे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जे झाले ते क्रमाने लिहिते.

दाढी वाढतच होती. बुधवारी म्हणाले, ठेवून बघतो. मी लग्नात पाहिला तेव्हापासून हा माणूस एक दिवस दाढीचा राहिलेला नाही. तापात असतानासुद्धा नाही. काल गाल पांढरे झाले. आरशासमोरून जाताना मान खाली घालून जात होते. माझ्या मनात एकच, पट्ट्यात पुन्हा काहीतरी बिघडले आणि मला वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत. काल सगळा दिवस भिंग घेऊन पट्टा बघितला. निर्दोष.

आज सकाळी वस्तरा पट्ट्यावर ओढून हातात दिला आणि म्हटले, "आज करा बघू."

ते आत गेले. पाणी वाहत राहिले. ते थांबेना तशी मी दार लोटले.

हे स्टुलावर बसले होते. तोंडाला फेस, अर्धा छातीवर, थोडा भिंतीवर. वस्तरा मिटून बेसिनच्या कडेवर, त्यांच्यापासून लांब ठेवलेला. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते. तरी खांदे हलत होते.

"पट्टा उत्तम आहे," हे म्हणाले. "हाताचं होत नाही."

मी नळ बंद केला.

"मग इतके दिवस?"

"कोपऱ्यावर जात होतो."

"न्हाव्याकडे?"

"हो."

"फेकायच्या पात्याने?"

"हो."

मला काय झाले कोण जाणे, मी हाताबद्दल काही विचारलेच नाही. मी म्हटले, "आणि मी रोज सकाळी कुणासाठी पट्टा ओढत होते? माझ्या डोक्यावरचे केस उपटून उपटून!"

"माझ्यासाठीच," हे म्हणाले. "मला ऐकायला बरं वाटायचं. पडल्या पडल्या वाटायचं, अजून घरात दाढी होते."

मग त्यांनी सगळे सांगितले. हात वर्षभरापासून हलतो. पट्ट्याच्या चिरा त्यांनीच पाडल्या. न्हाव्याकडे खुर्चीत बसले की अंगावर टाकलेली चादर हलते, आणि समोरच्या मोठ्या आरशात सगळी बाकावरची माणसे ती बघतात. एक दिवस त्यात त्यांच्या कचेरीतला जुना सहकारी होता. त्याने विचारले, थंडी वाजते का. हे हो म्हणाले.

"मग ते यंत्र का नाही घेतलंत? तिने आणलेलं?"

"ते स्वतःच थरथरतं," हे म्हणाले. "तिने विचार करूनच आणलंय. त्याच्या थरथरण्यात माझं कोणाला कळायचं नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "मला कळेल ना."

मी टॉवेलने फेस पुसला, छातीवरचा, मग भिंतीवरचा. म्हटले, "पट्ट्यापर्यंत शिकले आहे. पुढचं शिकवा."

"गालावर सगळं उलट असतं. तिथे धार पुढे जाते, पाठ मागे."

"जाईल."

"आधी दुसऱ्या कुणावर तरी शिक," हे म्हणाले. "माझ्यावर नको." आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आले. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण एवढ्यात नाही."

८ फेब्रुवारी, रविवार

लेकीला बोलावून घेतले. ह्यांनी दारातच सांगितले, "माझा हात हलतो."

"ठाऊक आहे, बाबा," ती म्हणाली. "ते कुणाला ठाऊक नाही? आईने तुमच्या गुंड्या का लावून ठेवल्यात असं वाटतं तुम्हाला?"

मी सांगितले की घडी मोडू नये म्हणून. माझ्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

मग माझा बेत ऐकून ती खुर्चीतच बसली. "आई? आई करणार? आई पेन्सिलीला टोक करते तेव्हा शिसं मोडतं! नाही. अजिबात नाही. मानेवर शिरा असतात, आई!"

"मला ठाऊक आहे कुठे काय असतं."

"तुला कुठून ठाऊक?"

"तुझ्या बापाची मान मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं बघते आहे."

वाद वाढत चालला. तेवढ्यात जावई म्हणाला, "आई, माझ्यावर करून बघा. मला तशीही आज करायचीच होती."

लेक म्हणाली, "तुमचे विम्याचे कागद कुठे ठेवलेत, तेवढं सांगून बसा." पण मग तिने अट घातली: जावयाला एक ओरखडा जरी आला तरी वस्तरा आजच पर्समध्ये, आणि बाबांनी मुकाट्याने यंत्र घ्यायचे. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी हो म्हटले.

खिडकीशी खुर्ची मांडली. जावयाच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, बोटे पांढरी. मी पट्टा ओढला. लेक पाठ करून उभी राहिली. हे शेजारच्या स्टुलावर, हात खिशात न घालता, उघडे मांडीवर ठेवून. ते हलत होते आणि हे बोलत होते.

"कातडी डाव्या हाताने वर ओढ. ताण. पट्ट्यासारखी. पातं फार उभं नको, फार आडवं नको. आता सोड. ढकलू नकोस, त्याचं ते जाईल."

गेले. साबणातून गाल निघाला, स्वच्छ, रंधा मारलेल्या लाकडासारखा. जावई श्वास घ्यायला विसरला होता. त्याला आठवण करून द्यावी लागली. सासूने जावयाची हजामत करावी हे बोलायच्या भाषेत पुष्कळदा ऐकले होते. प्रत्यक्षात ते फार शांत काम आहे.

शेवटी कानाच्या पाळीमागे, जिथे उजेड नीट येत नव्हता, तिथे वस्तरा जरासा अडखळला असे मला वाटले. पण तेवढ्यात जावयाने झटकन कानाला हात लावला आणि उठलाच. "एक महत्त्वाचा फोन," असे म्हणून कानाशी हात धरून बाहेर गेला. पाठमोरा बराच वेळ उभा होता. बोलताना काही ऐकू आले नाही. कचेरीतल्या माणसांना हळू बोलायची सवय असते. परत आला तेव्हा मफलर होता. जावयालाही आता गार हवा मानवू लागली आहे.

लेकीने दोन्ही गाल उजेडात पाहिले. काही सापडले नाही.

"मान?" ती म्हणाली.

"उत्तम," जावई मफलरमधून म्हणाला. "आई, पुढच्या रविवारी मात्र मी गावाला आहे."

लेकीने यंत्राचे खोके काखेत मारले. जाताना बापाच्या हातावर आपला हात ठेवून जरा उभी राहिली. दोन्ही हात हलले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज ह्यांची केली.

काल ह्यांनी टाळले. आज सकाळी पट्टा ओढायला घेतला तर हे अंथरुणात नव्हते. आधीच खिडकीशी खुर्चीत जाऊन बसले होते, गळ्याला टॉवेल, परीक्षेला बसल्यासारखे.

आठवडाभराची वाढ. आधी गरम पाण्याचे फडके ठेवले, मग ब्रशने साबण. ब्रश फिरवताना लक्षात आले की इतक्या जवळून मी हे तोंड फार दिवसांत पाहिले नव्हते. जेवताना शेजारी बसतो, झोपताना शेजारी पडतो. समोरासमोर कधी येतच नाही. डाव्या भुवईत एक व्रण आहे तो मी विसरले होते.

पहिल्या ओढीला माझाच हात कापला, म्हणजे थरथरला. हे म्हणाले, "घाई काय आहे? कचेरी नाही कुणाला."

डावा गाल झाला. उजवा झाला. जबड्याखाली भोवरा खरेच आहे. न्हाव्याचे बरोबर होते. तिथे तीन वेगळ्या दिशांनी जावे लागते. हे सूचना देत होते: वर, आता खाली, थांब, पुसून घे. मांडीवरचे त्यांचे हात टॉवेलखाली हलत होते आणि टॉवेल हलत होता, आणि आम्ही दोघांनीही तो हलू दिला. बघायला कोणी नव्हते.

मग मानेची पाळी आली. "डोकं मागे टाका," मी म्हटले. त्यांनी टाकले. डोळे मिटले. हा माणूस प्रवासात कधी झोपत नाही. सामान कोणी नेईल म्हणून रात्रभर जागा राहतो. दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायचे तर आधी त्याची प्रमाणपत्रे वाचून येतो. मी कातडी ताणली आणि गळ्याच्या घाटीच्या बाजूने हळूहळू उतरत गेले. सूचना हळू झाल्या. मग तुटक झाल्या. मग बंद झाल्या. मला वाटले, आता माझ्यावर सोपवले.

मान अर्धी झाली होती, तेव्हा हे घोरायला लागले.

टॉवेलही हळूहळू थांबला. झोपेत त्यांचे हात हलत नाहीत. हे मला माहीत नव्हते, त्यांनाही नसणार.

घोरणाऱ्या माणसाचा गळा वरखाली होतो. तिथे वस्तरा चालवता येत नाही. मी तो मिटला आणि शेजारी उभी राहिले. साबण वाळला, त्याच्या खपल्या पडायला लागल्या. दूधवाल्याने दार वाजवले. मी खिडकीतून त्याला हाताने जा म्हटले. माझे पाय भरून आले तसे स्टूल ओढून बसले.

उरलेली मान जेवणानंतर केली.